शंभर रुपयांत शंभर जनावरं : आकड्यांची कोडी आणि पाच ओळींचा प्रोग्राम

"हे घे शंभर रुपये. बाजारात जा अन् बरोब्बर शंभर जनावरं घेऊन ये. गाय दहा रुपयाले, बकरी तीन रुपयाले, कोंबडी आठ आण्याले. पैसा उरला नाही पाहिजे अन् जनावर कमी पडलं नाही पाहिजे."

भाव कोणत्या काळातले ते विचारू नका. आज दहा रुपयांत गायीचं दावंही येत नाही. पण या धाटणीची कोडी पारावर, पानठेल्यावर आणि लग्नाच्या मांडवात अजूनही पडतात. बराच वेळ डोकं खाजवल्यावर कोणीतरी म्हणतो, "पाच गायी, एक बकरी, चौऱ्याण्णव कोंबड्या", आणि कोडं संपतं. एक गोष्ट मात्र सहसा कोणी विचारत नाही : याला दुसरं उत्तर आहे का? डोक्याने सोडवणाऱ्याला एक उत्तर सापडलं की तो थांबतो. प्रोग्राम थांबत नाही, सगळ्या शक्यता तपासतो. म्हणून मला प्रोग्रामचा खरा उपयोग उत्तर शोधण्यापेक्षा "एवढीच उत्तरं आहेत" हे ठामपणे सांगण्यात वाटतो.

शिष्यवृत्तीची किंवा नवोदयची तयारी करून घेणारे शिक्षक, कॉलेजात नुकतीच पायथॉन ही प्रोग्राम लिहायची भाषा भेटलेली मुलं आणि ज्यांना कोडी आवडतात असा कोणीही कास्तकार, यांच्यासाठी हे लिहितो आहे.

आधी सामान

लॅपटॉप नसला तरी अडत नाही. अँड्रॉइड फोनवर पायड्रॉइड ३ नावाचं अ‍ॅप चालतं. एकदा उतरवून घेतलं की नंतर नेट लागत नाही, त्यामुळे रेंज नसलेल्या शेतातही बसता येतं. शाळेतल्या जुन्या कम्प्युटरवर विंडोज ७ असेल तर पायथॉनची ३.८ ही आवृत्ती घ्या. त्यापुढच्या आवृत्त्या विंडोज ७ वर बसत नाहीत. पायथॉनबरोबर आयडल नावाची साधी खिडकी येते, तेवढी पुरे. लाइन कधी जाईल याचा नेम नसतो, म्हणून दर दोन-चार ओळींनी फाइल सेव्ह करायची सवय लावा.

या लेखातले प्रोग्राम देवनागरीत लिहिले आहेत, म्हणजे वाचताना अडखळायला होणार नाही. टाइप करताना दोन गोष्टी बदलायच्या. फॉर, इन, रेंज, इफ, अँड, प्रिंट हे पायथॉनचे स्वतःचे शब्द. ते इंग्रजी स्पेलिंगने, सगळी लहान अक्षरं वापरून लिहायचे. प्रोग्राममधले आकडेही इंग्रजीच टाकायचे. देवनागरी आकडा दिसला की पायथॉन चूक दाखवून थांबतो. पण गाय, बकरी, रक्कम ही आपण ठेवलेली नावं मराठीतच राहू द्या, पायथॉन ३ ला ती चालतात. नावात मोकळी जागा मात्र नको. फोनवर कीबोर्ड सारखा बदलायचा कंटाळा आला तर नावंही इंग्रजी करा, गणित तेच राहतं.

कोडं मांडायचं कसं

कोडं ऐकल्यावर थेट टाइप करायला बसू नका. वहीत तीन गोष्टी लिहा : काय माहीत नाही, ते किती ते किती असू शकतं, आणि कोणत्या अटी पाळायच्या.

आपल्या कोड्यात गायी, बकऱ्या आणि कोंबड्या माहीत नाहीत. प्रत्येकीची संख्या शून्य ते शंभर. अटी दोन : जनावरं मिळून १००, पैसे मिळून १०० रुपये.

इथेच एक खबरदारी. आठ आणे म्हणजे ०.५ रुपया असं लिहिलं तर या कोड्यात चालून जाईल, पण सवय म्हणून ते वाईट. कम्प्युटर दशांश अपूर्णांक आतून दोनाच्या घातांत ठेवतो, आणि ०.१ सारखी संख्या त्याला तंतोतंत ठेवता येत नाही. पायथॉनला ०.१ + ०.२ ही बेरीज ०.३ शी जुळते का असं विचारलं तर तो "नाही" म्हणतो. दहा पैशांची लिमलेटची गोळी कोड्यात आली की बरोबर उत्तरही हातचं निसटेल. म्हणून सगळं पैशांत मोजा : गाय १०००, बकरी ३००, कोंबडी ५०, आणि खिशात १०,००० पैसे.

```
फॉर गाय इन रेंज(१०१):
    फॉर बकरी इन रेंज(१०१):
        फॉर कोंबडी इन रेंज(१०१):
            जनावरं = गाय + बकरी + कोंबडी
            पैसे = १०००*गाय + ३००*बकरी + ५०*कोंबडी
            इफ जनावरं == १०० अँड पैसे == १००००:
                प्रिंट(गाय, बकरी, कोंबडी)
```

फॉरची प्रत्येक ओळ म्हणजे एक फेरी, रेंजमधला आकडा एकेक करून घेत जाणारी. रेंज(१०१) म्हणजे ० ते १००. शेवटचा आकडा त्यात धरला जात नाही. नवशिक्यांची निम्मी उत्तरं इथेच हुकतात. दुसरं, एक बरोबरचं चिन्ह म्हणजे "हे त्यात ठेव" आणि दोन म्हणजे "हे सारखं आहे का?" इफच्या ओळीत नेहमी दोन. तिसरं, आतल्या ओळी चार-चार मोकळ्या जागांनी आत सरकवलेल्या आहेत. ती सजावट नाही. कोणती ओळ कोणाच्या पोटात आहे ते पायथॉन त्यावरूनच ओळखतो.

चालवा. दोन ओळी येतील :

० २० ८०
५ १ ९४

पहिल्या ओळीत गायच नाही. वीस बकऱ्यांचे साठ रुपये, ऐंशी कोंबड्यांचे चाळीस. हिशेब चोख आहे. म्हणजे कोडं घालणाऱ्याच्या मनात "तिन्ही जनावरं आणायची" अशी अट होती, ती त्याने बोलून दाखवली नव्हती. तुम्हाला ती हवी असेल तर तिन्ही ठिकाणी रेंज(१, १०१) करा, एकच उत्तर उरेल. मुलांना शिकवताना मी हा टप्पा घाईने ओलांडणार नाही. उत्तर काढण्यापेक्षा न बोललेली अट पकडणं जास्त मोलाचं, आणि मशीन ती सहज उघडी पाडतं.

फेऱ्या कमी करणं

वरच्या प्रोग्रामने १०१ × १०१ × १०१, म्हणजे १०,३०,३०१ शक्यता तपासल्या. लॅपटॉपला त्याचं काही वाटत नाही, जुना फोन मात्र जरा थांबतो. थोडा विचार केला की हे काम कुठल्या कुठे खाली येतं.

गायी आणि बकऱ्या ठरल्या की कोंबड्या ठरल्याच. शंभरातून वजा करा. तिसरी फेरी गेली, राहिल्या १०,२०१ शक्यता. शिवाय शंभर रुपयांत दहाच्या वर गायी येत नाहीत आणि ३३ च्या वर बकऱ्या येत नाहीत.

```
फॉर गाय इन रेंज(११):
    फॉर बकरी इन रेंज(३४):
        कोंबडी = १०० - गाय - बकरी
        इफ १०००*गाय + ३००*बकरी + ५०*कोंबडी == १००००:
            प्रिंट(गाय, बकरी, कोंबडी)
```

आता ११ × ३४ = ३७४. दहा लाखांवरून पावणेचारशेवर आलो, आणि उत्तरं तीच.

कागदावर अजून पुढे जाता येतं. सगळ्या किमती दुप्पट करून त्यातून जनावरांची संख्या वजा केली तर १९ × गाय + ५ × बकरी = १०० उरतं. १०० आणि पाचपट बकऱ्या दोन्ही पाचाने भागले जातात, म्हणून गायीही पाचाच्या पटीत हव्या : ० किंवा ५. खेळ खलास. ज्याला हे सुचलं त्याला प्रोग्रामची गरज नाही. ज्याला सुचलं नाही त्याला प्रोग्रामची दोन उत्तरं समोर ठेवून "गायी ० आणि ५ च का?" असं विचारता येतं.

आता बकरीचा भाव चार रुपये करून पाहा. प्रोग्राम चालेल आणि काहीच छापणार नाही. कोरा पडदा दिसला की दोन शक्यता असतात : कोड्याला उत्तरच नाही, किंवा आपलं काहीतरी चुकलं. फरक ओळखायचा तर एक अट तात्पुरती काढा. पैशांची अट काढल्यावर ढीगभर ओळी आल्या तर फेऱ्या नीट फिरताहेत. मग ज्या भावाचं उत्तर माहीत आहे तो भाव, म्हणजे तीन रुपये, टाकून पाहा; जुनी उत्तरं आली तर अटही नीट आहे. इथे खरोखरच उत्तर नाही.

पुसलेल्या आकड्यांची पावती

वरुड-मोर्शीकडच्या संत्रा बागायतदाराला हे कोडं लगेच कळेल. ७२ कॅरेट संत्री गेली, सगळ्या कॅरेटला एकच भाव, तोही पूर्ण रुपयांत. पावती भिजली आणि एकूण रकमेचे पाच आकडे होते त्यातले मधले तीनच वाचता येतात : ?४१३?. भाव काय मिळाला?

माहीत नाहीत दोन अंक. पहिला १ ते ९, कारण रक्कम शून्याने सुरू होत नाही. शेवटचा ० ते ९. अट एकच, ७२ ने भाग जावा.

```
फॉर पहिला इन रेंज(१, १०):
    फॉर शेवटचा इन रेंज(१०):
        रक्कम = पहिला*१०००० + ४१३० + शेवटचा
        इफ रक्कम % ७२ == ०:
            प्रिंट(रक्कम, रक्कम // ७२)
```

टक्क्याचं चिन्ह इथे बाकी काढतं, आणि दोन तिरप्या रेघा पूर्णांकी भागाकार. उत्तर एकच : ४४१३६ रुपये, कॅरेटला ६१३.

कॅरेट ७२ ऐवजी ३६ असते तर? आकडा बदलून चालवा. दोन ओळी येतात : ४४१३६ (भाव १२२६) आणि ८४१३२ (भाव २३३७). आता गणित पुढे मदत करत नाही. त्या हंगामात भाव काय चालला होता ते ज्याला माहीत आहे, तोच निवडू शकेल.

याच घराण्यातलं एक छोटं कोडं : टोपलीतली संत्री दोन-दोन मोजली तर एक उरतं, तीन-तीन मोजली तर दोन, चार-चार मोजली तर तीन, पाच-पाच मोजली तर चार, सहा-सहा मोजली तर पाच, आणि सात-सात मोजली तर काहीच उरत नाही. रेंजमध्ये तिसरा आकडा दिला की उड्या मारत जाता येतं. रेंज(७, १००१, ७) म्हणजे फक्त सातच्या पाढ्यातल्या संख्या. इफमध्ये बाकीच्या पाच अटी अँडने जोडा. हजाराच्या आत ११९, ५३९ आणि ९५९ अशी तीन उत्तरं येतात. "टोपलीत" म्हटल्यामुळे आपण ११९ धरतो, एवढंच.

अक्षरांची बेरीज

वन + नव = कनक

प्रत्येक अक्षराला एक अंक, वेगळ्या अक्षराला वेगळा अंक, आणि शून्य नाही. अक्षर आणि अंक एकास एक जुळायला हवेत, म्हणून अशी कोडी काना-मात्रा नसलेल्या शब्दांत चांगली बसतात.

इथे पोट्टे हमखास एक गडबड करतात : वन + नव असंच लिहून मोकळे होतात. पायथॉनला "वन" हे एक नवंच नाव वाटतं, व आणि न यांच्याशी त्याचा संबंध लागत नाही, आणि तो नाव सापडलं नाही अशी तक्रार करतो. दशक-एकक आपणच उलगडून द्यायचे.

```
फ्रॉम इटरटूल्स इंपोर्ट परम्युटेशन्स
फॉर व, न, क इन परम्युटेशन्स(रेंज(१, १०), ३):
    डावी = (१०*व + न) + (१०*न + व)
    उजवी = १००*क + १०*न + क
    इफ डावी == उजवी:
        प्रिंट(व, न, क)
```

पहिली ओळ पूर्ण इंग्रजीतच टाइप करायची (from itertools import permutations). तिने पायथॉनबरोबर आलेल्या इटरटूल्स या पेटीतून परम्युटेशन्स हे अवजार काढलं. नऊ अंकांतून तीन वेगवेगळे अंक, सगळ्या क्रमांनी, ते एकेक करून हातात देतं. त्यामुळे "व आणि न सारखे नकोत" वगैरे अटी लिहाव्या लागत नाहीत. अशा ९ × ८ × ७ = ५०४ निवडी आहेत. उत्तर ९ २ १, म्हणजे ९२ + २९ = १२१. दुसरं उत्तर नाही.

तीन अक्षरांना साध्या फेऱ्याही चालल्या असत्या. अवजाराची किंमत मोठ्या कोड्यात कळते. या प्रकारातलं सगळ्यात गाजलेलं कोडं हेन्री ड्यूडनी या इंग्रज कोडेकाराचं : सेंड + मोअर = मनी. ते जुलै १९२४ मध्ये स्ट्रँड मासिकात आलं. इंग्रजी स्पेलिंगात आठ वेगळी अक्षरं आहेत. एकात एक आठ फेऱ्या लावल्या तर दहा कोटी शक्यता होतात, आणि फोन तापून बसतो. परम्युटेशन्सने त्या १८,१४,४०० वर येतात, मग काम होतं. आणि चार अंकी दोन संख्यांची बेरीज पाच अंकी आली, म्हणजे तिचा पहिला अंक १ च असणार, हे आधीच ओळखलं तर उरलेल्या नऊ अंकांतून सात निवडायचे : १,८१,४४०. उत्तर ९५६७ + १०८५ = १०६५२, तेही एकमेव. पहिल्या जागी शून्य येणार नाही ही अट मात्र इथे हाताने लिहावी लागते, नाहीतर भलतीच उत्तरं मधे घुसतात.

भास्कराचार्यांचे शंभर पक्षी

शंभर जनावरांचं कोडं काही नवं नाही. १११४ साली जन्मलेल्या भास्कराचार्यांच्या बीजगणितात त्याचा मोठा भाऊ आहे. तीन द्रम्मांना पाच पारवे, पाच द्रम्मांना सात सारस, सात द्रम्मांना नऊ हंस आणि नऊ द्रम्मांना तीन मोर मिळतात. राजपुत्राच्या करमणुकीसाठी शंभर द्रम्मांत शंभर पक्षी आणायचे आहेत. (सारस म्हणजे आपल्या गोंदिया-भंडाऱ्याच्या धानाच्या बांधीत दिसतो तोच.)

पक्षी गटानेच मिळतात असं धरू, आणि गट मोजू. पारव्यांचे गट जास्तीत जास्त २०, सारसांचे १४, हंसांचे ११. मोर महाग, त्यांचेही ११ च.

```
फॉर पारवा इन रेंज(२१):
    फॉर सारस इन रेंज(१५):
        फॉर हंस इन रेंज(१२):
            फॉर मोर इन रेंज(१२):
                पक्षी = ५*पारवा + ७*सारस + ९*हंस + ३*मोर
                दाम = ३*पारवा + ५*सारस + ७*हंस + ९*मोर
                इफ पक्षी == १०० अँड दाम == १००:
                    प्रिंट(५*पारवा, ७*सारस, ९*हंस, ३*मोर)
```

४५,३६० शक्यतांतून नऊ उत्तरं बाहेर पडतात. त्यांतल्या तिघांत कुठला ना कुठला पक्षी शून्य आहे. चारही पक्षी हवेत म्हटलं तर सहा उरतात. त्यांपैकी एक म्हणजे ५ पारवे, ५६ सारस, २७ हंस, १२ मोर. नऊच्या नऊ उत्तरांत मोर १२ किंवा १५ आहेत, याखेरीज तिसरा आकडा नाही. असं का, हे कागदावर सोडवायला आठवी-नववीच्या मुलांना द्या. सुरुवात सांगून ठेवतो : पक्ष्यांच्या समीकरणातून पैशांचं समीकरण वजा करा.

कोडं नसलेलं कोडं

प्रश्न आपणच तयार करायचे असतील तर नाशिकजवळच्या देवळालीत शाळामास्तर असलेले दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांच्याकडे बघावं. ४५ चा वर्ग २०२५. त्याचे दोन तुकडे पाडा, २० आणि २५. बेरीज पुन्हा ४५. अशा संख्यांना आज जगभर कापरेकर संख्या म्हणतात. दोन अंकी आणखी कोणत्या आहेत?

```
फॉर संख्या इन रेंज(१०, १००):
    वर्ग = संख्या * संख्या
    इफ वर्ग // १०० + वर्ग % १०० == संख्या:
        प्रिंट(संख्या)
```

४५, ५५, ९९. तीन अंकी हव्या असतील तर रेंज(१००, १०००) करा आणि दोन्हीकडच्या १०० च्या जागी १००० टाका : २९७, ७०३, ९९९. पहिल्या खेपेला ४५ आणि ५५ मिळून १०० झाले, दुसऱ्या खेपेला २९७ आणि ७०३ मिळून १०००. चार अंकांसाठी तीच जागा पुन्हा बदला. सात उत्तरं येतील. ९९९९ बाजूला ठेवून उरलेल्या सहांच्या जोड्या लावून पाहा.